पहाटेची धर्ममाता

गोर्नी लूग,
३ मार्च १९३६

चि. रोसांदास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू विणलेले टोपडे पोचले. बाळी आज सोळा दिवसांची झाली, पण कालपासून दूध ओढत नाही. श्वासागणिक छातीतून घरघर ऐकू येते. पहिल्या दोघींचेही असेच सुरू झाले होते. चाळीस दिवसांआधी परक्याची नजर पडता कामा नये, असे सासूबाईंचे म्हणणे. डॉक्टरचे नाव काढले तर म्हणतात, बहीण बेलग्रेडला मास्तरीण झाली म्हणून तू काय सरकार झालीस का? तुझे भावजी मान खाली घालून आलुबुखाराची झाडे छाटायला निघून जातात.

रविवारी पहाटे बाळीला गावाबाहेरच्या चौवाटेवर ठेवायचे ठरले आहे. पहिला येणारा तिला उचलेल, नाव ठेवील आणि तिचा धर्मपिता होईल; तो परका धरत नाहीत, आणि अशाने मूल जगते म्हणतात. तोवर ती टिकेल ना गं?

तुझीच,
स्तामेन्का

बेलग्रेड,
४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी सरकार असते, तर तुझ्या सासूबाईंनाच आधी फौजदार नेमले असते! आता रडू नकोस, नीट वाच.

उझित्सेला नुकत्याच आलेल्या डॉक्टरीणबाई स्तोयांका माझ्या वसतिगृहातल्या. तिथे या नावाच्या तिघी होत्या: या डॉक्टर झाल्या, दुसरी विमान चालवायला शिकली, तिसरी न्यायालयात वकिली करते. तिघींचीही आधीची भावंडे दगावलेली. स्तोयांका म्हणजे थांबलेली; ही तरी राहावी म्हणून ठेवलेले नाव. बाई हसून म्हणत, मी नावाने जगले की आईने मला लष्करी डॉक्टरच्या पायाशी नेऊन टाकले म्हणून, ते आईलाच ठाऊक.

धर्ममातेचा शब्द तुमच्याकडे कुणी मोडत नाही. रविवारी पहाटे चौवाटेवर पहिल्या त्याच येतील. मी तार केली आहे. घरात अवाक्षर काढू नकोस.

तुझ्या मायेची भुकेली,
रोसांदा

उझित्से, इस्पितळ,
९ मार्च

चि. रोसांदास आशीर्वाद.

आईने चौवाटेवर जायचे नसते, म्हणून मी उंबऱ्यातच उभी होते. सासूबाई मात्र कुंपणाआड लपून पाहत होत्या. बाईंनी बाळीला उचलले, आपलेच नाव दिले, दारी आणले आणि छातीला कान लावून बजावले, धर्ममाता म्हणून सांगते, गाडी जुंपा. सासूबाई निमूट गाडीत बसल्या.

ताप उतरलेला नाही. बाई कसलाच भरवसा देत नाहीत. आपण दैवाला फसवले, रोसांदा. अशा चोरीच्या नावाला ते मानेल का? सासूबाई उशाशी बसून आहेत, घासही घेत नाहीत. त्यांना हे कधीच कळू देऊ नकोस.

तुझी,
ताई

उझित्से,
१२ मार्च

चि. रोसांदा हिस ताईची सासू क्रूनिया हिचा आशीर्वाद.

मला लिहिता येत नाही; डॉक्टरीणबाई लिहीत आहेत. चौवाटेवर पहिला आला तो दूधवाला ओब्राद. तो वाकणार, इतक्यात खालच्या चढणीवर काळी पिशवी घेतलेली शहरी बाई दिसली; ही डॉक्टरीण आणि हा तुम्हा बहिणींचा बेत, हे मी तिथेच ओळखले. मी धावत जाऊन ओब्रादला शेळ्यांच्या वाटेने पिटाळले. तो म्हणाला, म्हातारे, रीत मोडतेस! मी म्हटले, मोडते, तू नीघ.

आधी गेलेल्या दोघी नातींना मीच दाराआड ठेवले होते. हिला डॉक्टरकडे न्या, असे माझ्या तोंडून निघाले असते, तर त्यांना का नेले नाही, हे सुनेने विचारले असते.

आज पोरीने चार घोट दूध घेतले. पुढचे बाईही सांगत नाहीत. स्तामेन्काला यातले काही कळवू नकोस. तिने मला फसवले, असेच तिला वाटू दे.

म्हातारीवर राग ठेव, पोरीवर माया असू दे.