आईंची जागा, माझं कर्ज

११ जानेवारी

घरमालक येऊन गेला. मुलाचं लग्न ठरलंय, खोल्या हव्यात. जुलै संपायच्या आत रिकाम्या करा म्हणाला. चहा प्यायला, वर साखर कमी पडली म्हणाला!

हे चौथं भाड्याचं घर. दर वेळी मी सामान बांधते आणि सासूबाई खुर्चीवर बसून हुकूम सोडतात. (सासूबाई फक्त वहीत. तोंडाने आईच.) आज हुकूम नाही. बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, म्हणतात. लग्न तू पाहिलंस. आता घर बघू."

मला हसू आलं. मग लक्षात आलं, त्या थट्टा करत नव्हत्या.

१२ जानेवारी

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर आईंना जी रक्कम मिळाली, ती तशीच ठेवीत पडून आहे. मला माहीत होतं. कधी विषय काढला नाही. आज त्यांनीच काढला. "त्यातून जागा घेऊ. बांधायला तू कर्ज काढ. तुझा पगार आहे की."

पगार! कवळ्या करणाऱ्या बाईचा पगार. दिवसभर मेण आणि साचे, आणि लोकांच्या तोंडात बसतील असे दात. म्हटलं, थोडे मीही बाजूला टाकलेत, पण चहाच्या डब्यातले, भाजीतले वाचवलेले.

"दात कोरून पोट भरत नाही बाई," आई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतक्या हसल्या की मी केलेली कवळी हाताने धरावी लागली.

मग मी विचारलं, "आणि तो?" तो म्हणजे त्यांचा मुलगा. त्या दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेला, मग घटस्फोटही झाला, तरी आमच्या बोलण्यात तो अजून 'तो'च.

"त्याचं काय? तो गेला, मी राहिले. का राहिलात म्हणून तेव्हा तरी विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. भीती वाटली होती — विचारलं तर जातील.

१ फेब्रुवारी

दोन जागा पाहिल्या. एकीवरून विजेच्या मोठ्या तारा. दुसरीत दलाल एका दगडावर उभा राहून बोलत होता, खाली उतरेना. आईंनी छत्रीचं टोक जमिनीत रोवलं. निम्मी छत्री आत! "इथे घर नको, होडी बांधू," म्हणाल्या.

२२ फेब्रुवारी

सापडली!!

पाण्याच्या टाकीच्या मागे, उतारावर. एका म्हाताऱ्या जोडप्याची बाग आहे, तिचा खालचा अर्धा भाग ते विकताहेत. नवरा पूर्वी बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, अजूनही गाल तसेच फुगीर. बाई म्हणाली, आता एवढी बाग झाडवत नाही, आणि खाली माणसं असली तर बरं वाटेल.

आईंनी घासाघीस सुरू केली. उतार आहे, पाया खोल जाईल, रस्ता अरुंद आहे... ते सगळ्याला "खरं आहे, खरं आहे" म्हणत होते. शेवटी आईच वैतागल्या. "अहो, थोडं भांडा तरी! असा भाव करायला मजा येत नाही."

थोडा कमी केला त्यांनी. परत येताना आई उतार चढून दमल्या, माझा हात धरला. घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

९ मार्च

बँक. कर्ज विभागातल्या बाई माझ्याच वयाच्या. चांगल्या होत्या, पण प्रश्न ते प्रश्नच.

"सहकर्जदार कोण?" — या. — "वय?" आईंनी सांगितलं. बाईंनी मान हलवली. "नाही चालणार. बरं, जागा यांच्या पैशांनी घेताय. नातं काय?"

"सून," आई म्हणाल्या.

"मुलगा कुठे आहे?"

मी सांगितलं. घटस्फोटही सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाल्या, "मग कायद्याने तुम्ही एकमेकींच्या कोणीच नाही."

मला एकदम पायाखालची फरशी थंड लागली. चपला होत्या पायात तरी!

आई म्हणाल्या, "मग शेजारीण लिहा. एकाच घरातली."

बाई हसल्या. पण नियम सांगितला — जागा आणि कर्ज दोन्ही एकाच्याच नावावर हवं, म्हणजे माझ्या. आणि एक जामीनदार, पगारदार. आई लगेच म्हणाल्या, "चालेल. जागा हिच्या नावावर."

आयुष्यभराची पुंजी. भाजी घ्यायला याहून जास्त विचार करतात त्या.

१५ मार्च

नणंद आली. तिला आईंनीच फोनवर सांगितलं होतं. आई आत पडल्या होत्या, तोवर ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"उद्या तू दुसरं लग्न केलंस तर? माझ्या आईने कुठे जायचं?"

मी म्हटलं, "ताई, मी कुठे लग्न करतेय?"

"मी करशील म्हणत नाही. केलंस तर, म्हणतेय."

ती गेल्यावर भांडी आपटली. मग शांत झाले. प्रश्न चुकीचा नव्हता. मी आईंची मुलगी असते तर मीही हाच विचारला असता.

२१ मार्च

वकिलाकडे जाऊन कागद करून आणला. आईंना मरेपर्यंत या घरात राहण्याचा हक्क, मी लग्न करो, घर विको, काहीही होवो. आईंच्या पुढे ठेवला. वाचला, चष्मा काढला.

"हे कोणी सांगितलं तुला?"

कोणी नाही म्हटलं. त्यांना कळलंच.

"हक्काने राहायचं असतं तर मुलाकडे राहिले असते. इथे मी आवडीने राहते." कागद उलटा करून ठेवला आणि आत गेल्या. सही नाही.

मी तिथेच बसून रडले. दुःखाचं नव्हतं ते.

२३ मार्च

नणंदेला कागद दाखवला. आईंची सही नाही म्हटल्यावर म्हणाली, "माझी आई! करणारच नाही." मग कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. "जामीनदार मिळाला का तुला?"

नाही म्हटलं.

"मी राहते."

तिने माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरात. "हप्ते चुकवलेस तर दोघींना घरात घुसून मारीन!"

२० एप्रिल

खरेदीखत झालं, कर्ज मंजूर. नोंदणी कार्यालयात आईंनी साक्षीदार म्हणून सही केली. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या जमिनीच्या साक्षीदार!

४ मे

पाया खणायला सुरुवात. ठेकेदार म्हणाला, खडक वर आहे, नशीब चांगलं.

१२ मे

खडक फक्त वरच्या बाजूला आहे. खाली भुसभुशीत. नशीब उतारावरून घसरलं.

७ जून

आज मजा झाली. ठेकेदाराने मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही दोघी एकदा काय ते ठरवा. तुम्ही म्हणता मागची आईंची खोली मोठी करा, पहाटेचं ऊन येतं तिथे. आई येऊन सांगतात पुढची मोठी करा, ती दिवसभर राबून येते, तिला वारा पाहिजे. माझी माणसं रोज भिंत सरकवतायत. आता घरमालकीण कोण, तेवढं सांगा."

आईंना विचारलं. साफ नाकबूल! "मी कशाला जाऊ त्याच्याकडे? मी तर बागेतल्या लिंबाला पाणी घालायला जाते."

दोन्ही खोल्या सारख्या करायच्या ठरल्या. मधे एक लहानशी उरते, पेट्या ठेवायला.

२८ जुलै

भाड्याच्या घराची मुदत सरली. ट्रंपेटवाल्यांनी त्यांची बाहेरची खोली दिली आहे, घर उभं राहीपर्यंत. भाडं घेत नाहीत. आई त्यांच्या बायकोशी पत्ते खेळतात आणि म्हणे हरतात — मुद्दाम. आईंना हरताना मी कधी पाहिलेलं नाही.

१६ ऑगस्ट

पैसे अडकले. खोल पायाने सगळं गिळलं. बँकेचा पुढचा भाग स्लॅब पडल्यावर मिळणार आणि स्लॅबसाठीच पैसे नाहीत. भिंती उभ्या, वर आकाश. ठेकेदाराने माणसं दुसऱ्या कामावर नेली. त्याला तरी काय बोलणार? त्याच्या माणसांनाही पोटं आहेत.

संध्याकाळी आई आणि मी त्या बिनछपराच्या घरात जाऊन उभ्या राहिलो. स्वयंपाकघरात एक कुत्री झोपली होती. आई तिला म्हणाल्या, "तू तरी राहा."

२५ ऑगस्ट

खात्यात पैसे आले. त्याचे. नाव दोनदा वाचलं. जवळजवळ स्लॅबपुरते आहेत.

आईंनी त्याला फोन केला होता. मला न सांगता.

२६ ऑगस्ट

परत पाठवले. कामावर जाण्याआधी बँकेत गेले आणि परत पाठवले. मग आईंना सांगितलं.

"बरं," म्हणाल्या. बस. एवढंच.

२८ ऑगस्ट

बोलत नाहीत. जेवायला वाढतात, ताटात माझ्या आवडीचा भाग आधी टाकतात, पण बोलत नाहीत. याच्यापेक्षा शिव्या बऱ्या.

३० ऑगस्ट

आज बोलल्या. कपडे घडी करता करता, माझ्याकडे न बघता.

"मी त्याच्याकडे पैसे मागितले नव्हते गं. घर बांधतोय एवढं सांगितलं. त्याला एक संधी दिली, माणसासारखं वागायची. आणि तो वागला."

मी घडी हातात धरून उभी. म्हटलं, "मग मला आधी सांगायचं होतं ना."

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"म्हणूनच."

मग त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी तो गेलेला नवरा आहे. मला नाही तसं करता येत. प्रयत्न करून पाहिला." आणि डोळ्याला हातातला टॉवेल लावला. मी जवळ गेले. आम्ही कधी एकमेकींना मिठी मारणाऱ्यातल्या नाही. आज मारली. बावळटासारखी, मधे टॉवेल.

पैसे परत पाठवले ते बरोबरच केलं असं अजून वाटतं. त्यांचं चुकलं असंही वाटत नाही. आता याचं काय करायचं?

२ सप्टेंबर

कवळ्यांच्या प्रयोगशाळेच्या मालकीणबाईंकडे उचल मागितली. त्या म्हणाल्या, "देते. तू आता कुठे पळणार नाहीस, इथेच घर बांधतेस ना." बदल्यात रविवारीही काम. चालेल!

ठेकेदाराला सांगितलं — आतल्या खोल्यांना दारं नकोत, गिलावा नंतर, रंग पुढच्या जन्मी. फक्त छप्पर टाका.

१९ सप्टेंबर

स्लॅब पडला. दिवसभर मिक्सरचा आवाज. ट्रंपेटवाल्यांनी सगळ्या कामगारांना चहा पाजला, आणि मग आतून ट्रंपेट आणून वाजवलं! सूर कुठल्या कुठे. पण गाल फुगले की माणूस तरुण दिसतो. त्यांची बायको लाजली.

नणंद आली होती. स्लॅबखाली उभी राहून वर बघत म्हणाली, "माझ्या जामिनाचं छप्पर!"

१८ ऑक्टोबर

बँकेचा भाग मिळाला. उचलीतली निम्मी फेडली. खिडक्या बसल्या.

८ नोव्हेंबर

राहायला आलो. भिंती उघड्या विटांच्या, दारांच्या जागी जुनी चादर. नळाला पाणी येतं पण आधी खोकतो. आईंनी आपली खुर्ची मागच्या खोलीत ठेवली, बसल्या, मग उठून माझ्या खोलीत आणून ठेवली. "तिकडे मला करमत नाही." एवढी मापं काढून बांधलेली खोली!

२३ नोव्हेंबर

पहिला हप्ता भरला. अजून खूप आहेत. माझे केस पांढरे होतील तेव्हा घर पूर्ण माझं होईल. आई म्हणाल्या, "तोवर मी असेन की."

असाल ना? असं विचारलं नाही. हो म्हटलं.

१३ डिसेंबर

रविवारचं काम करून दुपारी आले तर आई घरी नव्हत्या, शेजारी पत्त्यांना गेलेल्या. आत येऊन दार लावलं तोच कोणीतरी वाजवलं. एक बाई, कडेवर वर्षाचं मूल, दुसऱ्या हातात पिशवी. फोटोत पाहिलेला चेहरा ओळखायला क्षणभर लागला. तीच. जिच्यासाठी तो गेला, ती.

"तो गेला," म्हणाली. "आम्हालाही सोडून. आईंनी त्याला फोनवर सांगितलेला हा पत्ता तेवढा होता माझ्याकडे."

मुलाचं नाक, कपाळ — आईंचं.

मी दार अडवून उभी होते. 'ये' असं तोंडातून निघेना.

मग बाजूला झाले.