मुखपृष्ठावरचा डोंगा

करडी,
ऑगस्टअखेर

प्रिय वीरेंद्र,

तुला मेल केला तर तो तुझा मॅनेजर वाचतो, फोनही तोच उचलतो, म्हणून हे पत्र तुझ्या गोदावरीकाकूंच्या हाती देते आहे. त्या सोमवारी साकोलीहून पुण्याच्या बसने निघणार आहेत. तुझ्यासाठी पत्र आहे म्हटल्यावर त्यांनी काही विचारलं नाही, पिशवीत ठेवते म्हणाल्या. आपल्या लग्नाचा विषय तुमच्या घरात निघाला होता, तेव्हाही त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. तूही काही बोलला नव्हतास. असो. त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि हे पत्र त्यासाठी नाही. तेवढी ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

मुखपृष्ठाच्या शूटच्या दिवशी तू मला विचारलंस, या मासिकात तू नेमकं काय करतेस? तेवढ्यात फोटोग्राफरने तुला हाक मारली आणि उत्तर राहून गेलं. मी 'बेसूर'ची पानं करते. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सगळी. कुठलं अक्षर किती जाड, कुठला फोटो किती मोठा, कुठे रंग आणि कुठे नुसती मोकळी जागा, हे सगळं माझं. आमचे वाचक पुण्या-मुंबईतले, विशी-बाविशीचे, कानात सतत काहीतरी वाजत असणारे. संपादक दामिनी म्हणते, त्यांना पान आधी दिसतं, मग ऐकू येतं, आणि वाचायचं झालंच तर ते सगळ्यात शेवटी. म्हणून प्रत्येक पान असं हवं की पोरांनी त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला पाहिजे. देवनागरी इतक्या जाड अक्षरात बसवायची म्हणजे खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांत अडकतात. त्या एकेक सोडवत बसायचं. आणि दामिनीचं दुसरं म्हणणं, या पोरांना खोटं चालत नाही. त्यांना खरा माणूस पाहिजे. दर अंकात आम्ही एक खरा माणूस शोधतो आणि तो खरा दिसावा म्हणून मी कॉम्प्युटरवर कागदाला सुरकुत्या पाडते, कडा फाडते, रंगात धूळ मिसळते. सुरुवातीला मजा वाटायची. आता स्क्रीनसमोर बसलं की डोळ्यांआधी मन मिटतं.

पुण्याचं ऑफिस बंद झालं आणि आम्ही सगळे आपापल्या घरून काम करायला लागलो, म्हणून मी करडीला आले. बाबांचे गुडघेही गेले होते, कोणीतरी घरी हवंच होतं. इथे लाईट गेली की काम थांबतं. जड फाइली पाठवायला आंधळगावच्या कॉम्प्युटर सेंटरवर जावं लागतं. तिथला माणूस दर वेळी विचारतो, मॅडम, हे पुस्तक इकडे भेटते का? मी नाही म्हणते.

पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'डोंगा' आहे, असं दामिनीने फोनवर सांगितलं तेव्हा मला क्षणभर आमचा तलावावरचा लाकडी डोंगाच आठवला. मग कळलं, ते तुझं गाण्यातलं नाव. तुझी गाणी मी ऐकली होती, चेहरा दाखवत नव्हतास म्हणून आवाज तुझाच असा संशय येऊनही मी सोडून दिलं होतं. दामिनी म्हणाली, तो तुमच्याच भागातला आहे, मासेमाराच्या घरातला. तलावावर, डोंग्यात, हातात जाळं घेऊन फोटो हवा. तू तिथलीच आहेस ना, व्यवस्था कर. राइस मिलवाल्या पुंडलिकरावांचा मुलगा मासेमाराच्या घरातला कसा, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. म्हटलं असतं तर तुला मी कशी ओळखते तेही सांगावं लागलं असतं, आणि त्या सांगण्याचाच कंटाळा आला.

बाबांना सांगितलं तर ते इतके खूश झाले, की 'मासेमाराच्या घरातला' हे मी त्यांना सांगितलंच नाही. आदल्या दिवशी त्यांनी डोंगा धुऊन काढला. तू आलास, दोघांच्या पाया पडलास. बाबा तुला जाळं फेकायला शिकवत होते ते मी रिफ्लेक्टर धरून काठावरून बघत होते. लहानपणी तुला येत होतं, आता हात विसरले होते. "मनगट ढिल्लं सोड रे बाबू, जाळं आपोआप फुलते," असं ते म्हणत राहिले आणि एकदा खरंच फुललं. तेव्हा तू आमच्या अंगणात हसायचास तसा हसलास. फोटोग्राफरला ते हसू नको होतं, त्याने गंभीर व्हायला सांगितलं. निघताना तू गाडीत बसून पुन्हा उतरलास आणि आईजवळ गेलास. मला वाटलं काहीतरी सांगतोस. तू नुसतं पाणी मागितलंस, उभ्याने प्यालास आणि गेलास. त्या दिवशी मला त्याचा अर्थ लागला नाही.

सगळ्यात चांगला फोटो निवडला, त्यात डाव्या कडेला काठावरून बाबांचा हात आला होता. डोंगा हलू नये म्हणून त्यांनी तो धरला होता. दामिनी म्हणाली, हात काढून टाक. मी काढला. आजूबाजूचं पाणी उचलून त्यावर भरलं, लाटा जुळवल्या. खूप सफाईने झालं काम. दामिनीने कौतुक केलं.

मग तुझ्या मुलाखतीचा मजकूर आला. ती तू शूटच्या आधीच पुण्यात दिली होतीस. मी वाचायला लागले आणि पहिल्या पानावरच थांबले. पाण्यात उभं राहून शिंगाडे तोडताना सोलवटलेले हात. दप्तराला येणारा माशांचा वास. शाळेत शेवटच्या बाकावर एकट्याने बसणं, कारण शेजारी कोणी बसायला तयार नसायचं. वीरेंद्र, तो बाक माझा होता. आणि आठवीत त्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसलेला एकुलता एक मुलगा तू होतास. ते तू मुलाखतीत सांगितलं असतंस तर मी ते पान किती मनापासून केलं असतं. पण राग आला नाही. खरंच नाही आला. मी मजकूर पानात ओतला, ओळी सारख्या केल्या, तुझ्या त्या बाकाला छान मोकळी जागा दिली. मला वाटलं, घेतलं तर घेतलं. माझ्याजवळ ते नुसतं पडूनच होतं.

पुढच्या पानावर इश्वर आला.

'माझ्या धाकट्या भावाला तलावाने नेलं. त्या दिवसापासून मी गप्प बसलो नाही.' दामिनीने या दोन वाक्यांवर खूण करून पाठवली होती, पूर्ण पानभर, सगळ्यात जाड अक्षरात. धाकट्या भावाला. तुझ्या नाही, माझ्या. त्याचं जाळं बुडातल्या खुंटाला अडकलं होतं, ते सोडवायला तो उतरला आणि वर आला नाही, हेही खाली सगळं बरोबर सांगितलं होतंस. आपण दोघं तेव्हा शाळेत होतो, तेवढं मात्र नव्हतं. मुलाखतीत तू काठावर उभा होतास. मी ती अक्षरं पानभर मोठी केली. वेलांटी उकाराला लागत होती, ती सोडवली. मग उठून बाहेर गेले आणि बराच वेळ धानाच्या शेतात, बांधीच्या धुऱ्यावर बसून राहिले.

तिथे बसून मला आणखी एक आठवलं, ते लिहिलं नाही तर मीही खोटी ठरेन. दहाव्या दिवशी बाबांनी डोकं भादरलं, तेव्हा तूही न्हाव्यासमोर जाऊन बसलास. कोणी सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर, बाप जिवंत असताना डोकं कसं भादरलं म्हणून तुझ्या बाबांनी तुला मारलं. त्यानंतर कितीतरी महिने तू रोज येऊन आमच्या अंगणात बसायचास. इश्वर तुझ्यामागे सावलीसारखा फिरायचा, माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकायचा. तेव्हा भाऊ म्हणालास ते सगळंच खोटं आहे, असं मी म्हणू शकत नाही. आणि गप्प बसलो नाही म्हणतोस, पण त्या महिन्यांत तू एक शब्द बोलत नव्हतास. तेच मला जास्त खरं वाटतं.

छापून कसं दिसतं ते बघायला आंधळगावहून पानांच्या प्रती काढून आणल्या होत्या. आईच्या हातात त्या पडू द्यायला नको होत्या. पण ती दुपारी चष्मा लावून बसली आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवायला लागली. तिची शाळा चौथीपर्यंतची, जोडाक्षर आलं की थांबते. बाकाचं वाचलं तेव्हा ती हसली, म्हणाली, हे तं आपल्या रंजूचं होय. बाबांना त्याचंही कौतुकच. पोराने किती लक्षात ठेवलं, म्हणाले. मग तिने पान उलटलं. मोठं अक्षर, वाचायला सोपं. तिचा आवाज थांबला. बाबा म्हणत राहिले, काय लिवलं, वाच ना. तिने वाचलं. सगळं वाचलं, खालचं बारीकही. बाबा काठी न घेताच उठले आणि तलावाकडे निघून गेले.

मी म्हटलं, आई, मी त्यांना सांगते आणि हे काढायला लावते. तिने पान मांडीवर सारखं केलं. म्हणाली, "राहू दे. लिवलं तं लिवलं. पण त्याचं नाव काहून नाही टाकलं? पोराचं नाव टाकाले काय जाते?"

मी सगळी पानं पुन्हा चाळली. तुझ्या गाडीच्या रंगाचं नाव आहे, तुझ्या माइकच्या कंपनीचं आहे, तुझ्या कुत्र्याचंसुद्धा आहे. इश्वरचं नाही.

मी दामिनीला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर काय होईल ते मला ठाऊक आहे. आमच्या वाचकांना खोटं चालत नाही, ते एका संध्याकाळीत तुझं सगळं संपवतील, आणि त्यावरचं पानही मलाच करावं लागेल. ते मला करायचं नाही. मी फक्त पान तयार नाही असं कळवलंय. काकू मंगळवारी पोचतील, छपाई शुक्रवारी आहे. मधल्या दिवसांत तूच दामिनीला फोन कर. डोंगा, शिंगाडे, शेवटचा बाक, सगळं ठेव, मला परत नको. फक्त त्या मजकुरात नाव घालायला सांग. इश्वर मंगरू वलथरे. इश्वरमधला 'इ' ऱ्हस्व आहे, शाळेच्या दाखल्यावर होता तसा. मित्र होता असं लिहायचं का भाऊ, ते तुझं तू ठरव. तू फोन केला नाहीस तर मी पान आहे तसं पाठवीन आणि अंकातून माझं नाव काढायला सांगेन. तसंही हा अंक झाला की मी थांबणार आहे. पुढे काय ते ठरवलेलं नाही. आधी थोडी झोपेन.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहिलं, ते. वरचं सगळं माझं झालं. पण पत्र लिहायला मला आईने बसवलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळ बसल्या बसल्या ती एकाएकी म्हणाली, "तो इश्वरले भाऊ म्हणते ना? तं मंग भावाचं कर म्हणा. तुह्या बापाच्यानं यंदा पाण्यात उतरनं होत नाही. पितराच्या दिवसात येऊन त्याच्या नावानं पाणी दे म्हणा." दरवर्षी बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याच्या नावाने ओंजळ सोडतात, ते तुला माहीत आहे, पहिल्या दोन वर्षी तू काठावर होतास. मी म्हटलं, आई, तो आता मोठा माणूस झाला, त्याला कुठला वेळ. ती म्हणाली, तू लिव तं खरी. म्हणून लिहिलं. गणपती उठले की पितृपक्ष लागेल. आलास तर एकटा ये, फोटो काढणारा कोणी सोबत आणू नकोस. बाबांना मी अजून काही बोललेले नाही. आई रोज विचारते. तिला हो म्हणू की नाही, तेवढं काकूंजवळ सांगून पाठव.

इश्वरची बहीण, आणि एकेकाळची तुझीच,
रंजू