सांध्याचा नवस

प्रिय गुंजन,

दिवाळी झाली, तुळशीचं लग्नही लागलं, तरी सिंदीला यायला तुला सवड नाही. विचारलं की एकच उत्तर, 'आई, टेस्टिंग चालू आहे.' वर्धा काही परदेशात नाही गं. तू घरी येत नाहीस, याचा जिवाला घोर लागलाय. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले.

दसऱ्याआधी तुझं ते टेस्टिंग पाहायला आले होते, त्यावरून बाबा अजून मला चिडवतात. प्रयोगशाळेत काँक्रीटचा खांब, त्याला जोडलेला बीम, दोघांना पांढराशुभ्र चुना. बारीक भेगही दिसावी म्हणून तो मारतात, हे मला काय ठाऊक? मला वाटलं, मी येणार म्हणून रंगवलं. तुम्ही हळदकुंकू वाहून नारळ फोडलात. मीही हात जोडून केळझरच्या गणपतीला बोलले, लेकीचं काँक्रीट फुटू देऊ नकोस, मोदक घेऊन येईन.

मग तुमच्या यंत्रानं बीम वर-खाली हलवायला सुरुवात केली, भूकंपात हलावा तसा. आधी हळू, मग जोरात. बीमवर भेग उमटली आणि मी सगळ्यांसमोर रडायला लागले. तू मात्र लाल पेनानं भेगेवर रेघ ओढत हसत होतीस. नंतर जवळ बसून समजावलंस, बीम तडकला तरी चालतो, खांबाशी असलेला सांधा शाबूत राहिला पाहिजे. मग छत कोसळत नाही, माणसं बाहेर पडतात. तुझा सांधा शेवटपर्यंत शाबूत राहिला. म्हणजे गणपतीकडे मी भलतंच मागून बसले होते.

काल नीलेश येऊन गेला. त्याच्याशी झालेलं साक्षगंध, ठरलेलं लग्न, तू दिवाळीआधीच मोडलंस, हे त्याच्याकडून कळलं. मुलगा भला, तुला दोष देत नव्हता. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मोडल्याचा नाही, इतके दिवस एकटीनं सोसलंस त्याचा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, जेवले, आणि हात धुता धुता म्हणाले, "तिले लिहिजो, घरी ये म्हना. लोकायचं मी पाहून घेतो." आज सकाळी दुकानात कुणी विचारायच्या आत त्यांनी स्वतःच सांगूनही टाकलं.

नवस फेडायचा राहिलाय. काय मागितलं आणि काय टिकलं, हे गणपतीला तूच समजावून सांग, मला नीट जमायचं नाही. रविवारी ये. मी खोबरं किसून ठेवते.

तुझीच,
आई