गिरीशची चौथी पट्टी

मंगळवार, संध्याकाळ. जे. पी. नगर, बंगळुरू

गिरीश आज कॅप्टन झाला. खांद्यावर चौथी सोनेरी पट्टी लावून हँगरमध्ये पेढे वाटत होता. मीही खाल्ला. दोन विमानांची आमची चार्टर कंपनी, आणि को-पायलट म्हणून मी त्याच्याआधी दोन वर्षं लागलेली!

कॅप्टन व्हायला उड्डाणाचे तास लागतात. त्याचे भरले, माझे नाहीत. आणि त्याचे भरले कशाने? नणंदेचं लग्न, आईचं ऑपरेशन, गौरी-गणपती... दर वेळी मीच फोन करायचे, "माझी फ्लाइट घेतोस का रे?" तो कधी नाही म्हणाला नाही. किती गुणी पोरगा, म्हणायचे मी!

वर उद्या त्याच्या पहिल्या फ्लाइटला शेजारी मीच. नव्या कॅप्टनबरोबर नवा को-पायलट बसवायचा नाही, असा नियम. म्हणजे अनुभवी मी, पण त्याच्या शेजारी बसण्यापुरती. "अक्का, तुम्ही बाजूला आहात म्हटल्यावर मला कसली काळजी?" म्हणाला. मी नुसतं कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि त्या पट्टीकडे बघत राहिले.

ताप आलाय असं कळवू का? दोन वैमानिकांशिवाय आमचं विमान प्रवासी घेऊन सुटत नाही. पण कळवलं तर माझीच आणखी एक फ्लाइट गेली. शर्टाला इस्त्री केली. तीनच पट्ट्या. दोनदा मोजल्या.

खरं लिहायचं तर, उद्या उतरताना त्याच्या हातून विमान जरा आपटावं असं वाटतंय. आत मी असणार आहे, तरी.