शंभर पावलं लांब, साठ पावलं रुंद

ती. ताई यांना,

साष्टांग नमस्कार.

तुमचं तिसरं पत्र मिळालं. आधीच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, म्हणून अगोदर माफी मागतो आणि मग खुशाली विचारतो. (क्रम चुकला असेल तर तेही पदरात घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलेलं असताना तुम्ही माझ्यासाठी वरची खोली स्वतः झाडलीत, खिडकीला नवी कडी बसवून घेतलीत, हे वाचून मला फार अवघडल्यासारखं झालं. साडूभाऊंना कानाचं यंत्र मानवलं का? यंत्र लावल्यापासून घरातले सगळे ओरडतात असं वाटतं, अशी त्यांची तक्रार होती. (सगळे आधीही ओरडतच होते, हे त्यांना सावकाश सांगावं.)

माझी प्रकृती ठीक आहे. वजन चार किलोंनी उतरलं आहे, पण ते दुःखानं नव्हे, धावण्यानं. हे वाक्य वाचून तुम्ही पत्र साडूभाऊंच्या हातात द्याल आणि याचं काहीतरी बिनसलंय म्हणाल, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा प्रश्न सरळ होता, घर बंद करून एक तारखेला कायमचा तिकडे येतो आहे की नाही. उत्तरही सरळ आहे. येतो आहे. पण उत्तर द्यायला आठ महिने का लागले, ते सांगितल्याशिवाय येणं मला बरं वाटत नाही.

हिचा मुलांचा फुटबॉल क्लब तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही त्याला खूळ म्हणत होतात आणि मी काहीच म्हणत नसे. दवाखान्यात हिच्याकडे ड्रेसिंगला रोज तेच तेच फुटलेले गुडघे येतात म्हणून ही वैतागली होती. (शेवटी शेवटी तर हिला मुलं चेहऱ्यापेक्षा गुडघ्यावरून आधी ओळखू येत.) रस्त्यावर खेळणारी ती सगळी मुलं हिने बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत नेली. पहिले दोन महिने कुणी बॉलला पाय लावला नाही, नुसते कौलांचे तुकडे वेचले. मग गल्लीतला शिंपी आला, कारण तो दिवसभर बसून असतो आणि संध्याकाळी त्याला उभं राहावंसं वाटतं. मग एक बस कंडक्टर आला, कारण तो दिवसभर उभा असतो आणि त्याला कुणालातरी पळताना बघायचं होतं. मी गेलो नाही. शनिवारी चारला ही बाहेर पडायची आणि मला घरात जरा शांतता मिळायची. तेव्हा ती शांतता मला आवडत असे.

ही गुरुवारी गेली. त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी चार वाजता दाराची बेल वाजली. दार उघडलं तर बावीस मुलं रांगेत उभी, प्रत्येकाची नजर आपापल्या बुटांवर. पुढचा म्हणाला, "काका, बॉल." जिन्याखालची बॉलची जाळी काढून मी दिली. साडेसहाला ती बॉल पुसून परत घेऊन आली. पुढच्या शनिवारी मी ठरवलं होतं की आता क्लब बंद झाला असं त्यांना नीट सांगायचं. वाक्य कागदावर लिहूनही ठेवलं होतं. पण दार उघडल्यावर मुलांनी विचारलं, की मैदानावर फक्की कोण मारणार? (फक्की म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड. पूर्वी ती ही मारत असे.) माझ्या हातात कागद होता, तो खिशात घातला आणि बादली घेतली.

त्यानंतर शिंप्याच्या दुकानात सभा झाली. अध्यक्ष कोण, हा विषय निघाला तेव्हा मी शिलाई मशिनच्या सुईकडे पाहत होतो. मी कमी बोलतो हे तुम्ही जाणता. सभेत काही न बोलणाऱ्या माणसाचा होकार धरतात, हे मात्र मला या वयात समजलं. मुलं हिला मावशी म्हणायची. माझ्या नव्या पदामुळे ती मला 'मावशींचे काका' म्हणू लागली. हे नातं नेमकं काय होतं, ते मी विचारलं नाही.

आता मुख्य गोष्ट. हिच्या निळ्या वहीत मैदानाचं माप होतं, लांबी शंभर पावलं, रुंदी साठ पावलं. मी त्याप्रमाणे शंभर पावलं चाललो, साठ पावलं चाललो आणि चौकोन आखला. जागा माझ्या कल्पनेपेक्षा बरीच मोठी निघाली. पलीकडची रेषा तर जवळजवळ भिंतीलगतच्या चरापर्यंत गेली. बावीस मुलांनी न बोलता गोलाचे खांब उचलले आणि नव्या रेषेवर नेऊन रोवले. रेषेच्या आत काही ठिकाणी अजून कौलांचे तुकडे होते. मला वाटलं, हिला शेवटी शेवटी वाकवत नसावं आणि आपल्याला ते कळलंही नाही. ते तुकडे मी दोन शनिवार खाली बसून वेचले. मुलांनीही वेचले. 

या मैदानावर आमची बावीस मुलं दिसेनाशी झाली. एक इकडे, एक तिकडे, आणि बॉल तिसरीकडेच. कंडक्टर कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "गाडी रिकामी धावतेय. भरा." त्यानं बसमध्येच मुलं गोळा करायला सुरुवात केली. शाळेतून परतणाऱ्या मुलाला तिकीट देताना विचारायचं, शनिवारी काय करतोस रे? महिन्याभरात चाळीस झाली, दोन महिन्यांत सदुसष्ट, आणि आता एक्क्याण्णव आहेत. शिंप्याचं निळं कापड संपलं. मग दुसरं निळं आलं, मग तिसरं, आणि शेवटच्या नऊ जणांचे शर्ट पडद्याच्या कापडाचे झाले. त्यांच्या पाठीवर मोठाली फुलं आहेत. ते स्वतःला फुलवाले म्हणवतात आणि सगळ्यांत आडदांड खेळतात.

पंच म्हणून कंडक्टरच शिट्टी वाजवतो. त्याची सवय अशी की एक शिट्टी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे निघा. आमच्या मुलांना ते पाठ आहे. पाहुण्या संघाला नसतं, त्यामुळे दोन शिट्ट्या ऐकून ते थांबून राहतात आणि तेवढ्यात आमचा गोल होऊन जातो. (हे योग्य नाही असं मी त्याला लेखी कळवलं आहे.) बचावाच्या खेळाडूंना तो "पुढे सरका, मागं जागा करा" असं ओरडतो आणि ते सरकतातही.

तर पाच महिन्यांनी एक पाहुणा संघ आला. नऊ-दहा वर्षांची मुलं होती. मध्यंतरात ती सगळी मैदानावर आडवी झाली आणि उठेनात. आम्ही अकरा गोलांनी पुढे होतो. त्यांच्या शिक्षिका माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "हे मैदान कुणी आखलं? लहान मुलांचं आहे ना हे? हे तर मोठ्यांचं झालं." मी शिंप्याकडे पाहिलं. शिंप्यानं कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टरला खोकला आला. तेवढ्यात आमची सर्वांत छोटी खेळाडू, जिला सगळे चिमणी म्हणतात, ती म्हणाली, "मावशी गेली ना, तेव्हापासून गोल लांब गेलाय."

ताई, सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्याच शनिवारी, खांब उचलतानाच, बावीसही जणांना कळलं होतं. पाच महिने ती मुलं दुप्पट मैदान धावत राहिली, धापा टाकत घरी गेली, पण बोलली नाहीत. मी कंडक्टरला विचारलं, तुम्ही तरी सांगायचं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही दुःखातलं माणूस. त्यात मोजणी खात्यातलं. तुमचं माप चुकलं, असं तोंडावर कोण सांगणार?" शिंपी म्हणाला, "आणि तुम्ही काय रागावणार होतात? तुम्ही नुसते गप्प बसला असतात. तेच नको होतं."

चौतीस वर्षं मी जमिनी मोजल्या. पावलांनी शेत मोजून भांडायला आलेल्या माणसाला मी एकच प्रश्न विचारत असे, पावलं कुणाची? हिच्या वहीला तो प्रश्न मी विचारला नाही.

आता मैदान पूर्वीसारखं करायचं तर हिचं पाऊल केवढं होतं ते कळायला हवं. मला ते माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं आम्ही बाजारात, दवाखान्यात, तुमच्याकडे बरोबर गेलो, पण मी कायम चार पावलं पुढे असायचो. ही मागून येते आहे हे पिशवीच्या आवाजावरून कळायचं, त्यामुळे वळून पाहायची वेळ कधी आली नाही. मी हिच्या चपला काढून ओट्यापासून दारापर्यंत ठेवून पाहिल्या. चपलेवरून तळव्याची लांबी कळते, चाल कळत नाही. (तेवढ्यात शेजारीण वाटी परत द्यायला आली. तिनं वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि आवाज न करता गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी फार हळू आवाजात बोलते.)

शेवटी शनिवारी मी एक्क्याण्णव मुलांपुढे उभा राहिलो आणि माझ्या अध्यक्षपदाच्या काळातलं सर्वांत लांब वाक्य बोललो. मावशी फक्की मारताना कशी चालायची, हे कुणी पाहिलं आहे का? जुनी बावीस मुलं पुढे आली. हिची रीत अशी होती की दर शनिवारी रेषा आखताना सगळ्यांनी हिच्या मागून रांगेत, हिच्या पावलावर पाऊल ठेवून यायचं आणि मोठ्यानं मोजायचं. लहानग्यांना अंक यावेत हा एक हेतू, आणि मुलं मधेच पळू नयेत हा दुसरा. हे मला त्या दिवशी कळलं.

मी पलीकडच्या बाजूला टेप घेऊन उभा राहिलो. कंडक्टरनं दोन शिट्ट्या दिल्या. बावीस जण शेजारी शेजारी एका ओळीत माझ्याकडे चालत यायला लागले. छोटी पावलं, डाव्या पायावर जरा थांबून, कारण हिचा डावा गुडघा दुखायचा. प्रत्येकाचा उजवा हात अंगापासून थोडा दूर, न धरलेल्या बादलीसाठी. चिमणीनं तर मधे थांबून हिच्यासारखा पदरही खोचला. तिच्या अंगावर शर्ट होता. एकोणसत्तर नवी मुलं बाजूला उभी होती. त्यांनी हिला पाहिलेलं नव्हतं, पण कुणी हसलं नाही. मोठ्यानं मोजत बावीस जण शंभरला थांबले. सगळ्यांच्या चवड्यांमध्ये एका वितीचाही फरक नव्हता. आमच्या खात्यात चौतीस वर्षांत इतकं जुळलेलं माप मी पाहिलं नाही.

ही समोरून चालत कशी येते, ते मी प्रथमच पाहिलं. थोडा वेळ मला टेपवरचे आकडे वाचता आले नाहीत. शिंप्यानं वाचले.

आता मोठ्या चौकोनाच्या आत छोटा चौकोन आखला आहे. लहान मुलं आत खेळतात, मोठी बाहेरच्यात. क्लब नीट चालला आहे. अध्यक्षपद शिंप्याकडे सोपवून, दोन पेट्या घेऊन मी एक तारखेला येतो. साडूभाऊंना नमस्कार.

आपला नम्र,
मेहुणा
(सध्या क्लबचा अध्यक्ष)

ता. क. एक तारखेला शनिवार येतो, हे आत्ता कॅलेंडर पाहिल्यावर लक्षात आलं. शनिवारी निघता येणार नाही. पुढच्या शनिवारी सामना आहे, त्याच्या पुढच्या शनिवारी फुलवाल्यांचा सामना आहे. शिंप्याच्या दुकानात वर्षाचा तक्ता लावला आहे, त्यात मला मोकळा शनिवार सापडला नाही. अध्यक्षपदाबद्दल शिंप्याला विचारलं, तर तो सुईकडे पाहत बसला. पण त्याचा होकार आहे असं काही मला वाटलं नाही. वरच्या खोलीत तूर्त पाहुणे उतरवावेत.

आणखी एक ता. क. जुन्या बावीस जणांचे पाय वाढताहेत. गेल्या शनिवारी पुन्हा चालून पाहिलं, तर शंभरावं पाऊल दीड हात पुढे पडलं. वर्षभरात ती चाल कुणाकडेच राहणार नाही. सासूबाई म्हणायच्या, की डोळे मिटून पावलं ऐकली तर या दोघी बहिणींमधली कोणती घरात आली ते कळत नाही. तुमचाही डावाच गुडघा दुखतो. म्हणून विनंती अशी, की एखाद्या शनिवारी तुम्ही या. ही गेली त्या दिवसानंतर तुम्ही या घराकडे आला नाहीत, त्याचं कारण मला समजतं. घरात यायला नको. बस मैदानाच्या फाटकाशीच थांबते, कंडक्टर हात धरून उतरवून घेईल. मुलांना तुमच्याबद्दल सांगितलं आहे. ती तुम्हाला आत्ताच मोठी मावशी म्हणतात आणि तुम्ही कडक आहात असं धरून चालतात. मी ते खोडून काढलं नाही.

शेवटचा ता. क. साडूभाऊ विचारतील म्हणून लिहितो. छोट्या मैदानाची लांबी चोपन्न मीटर, रुंदी बत्तीस मीटर चाळीस सेंटीमीटर. टेपनं दोनदा मोजून वहीत लिहिलं आहे आणि चारही कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या ठोकल्या आहेत. तेव्हा मापासाठी तुम्हाला बोलावण्याची काही गरज नाही. तरी या. मी पलीकडच्या रेषेवर उभा असेन. शंभर पावलं आहेत. गुडघ्याला जपून, सावकाश या.