मगरीसाठी डोळे

हमरापूर, ता. पेण
वटपौर्णिमेनंतरचा मंगळवार

तीर्थरूप जनीआत्याच्या चरणी अनिताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग खरोखरच घातला. आपल्या गणपतींच्या कारखान्यात जागा नसल्यामुळे उजवं कोपर पितांबराच्या पिवळ्या रंगात गेलं. पत्राच्या कडेला डाग दिसेल तो हळदीचा नाही, उगाच शुभ समजू नकोस.) तू बरी असशील, आतोबांची धाटावच्या कंपनीतली शिफ्ट बदलली असेल, आणि तुझं मनगट पावसाळी हवेत आता ठणकत नसेल अशी आशा करते. इकडे सगळे मजेत आहेत. बाबा मजेत आहेत असं बाबाच सांगतात, तेव्हा ते तेवढ्यापुरतं धर.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. दोन वर्षं तू माझा फोन उचलतेस, 'जेवलीस का गो' विचारतेस, आणि मी 'बाबा' म्हटलं की नेमकी रोह्याची रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही. शिवाय सुजय सरांनी सांगितलंय की चित्रकाराने जे काही ठरवायचं ते लेखी ठरवावं. म्हणून हे सगळं लेखी आहे, आणि जरा लांब आहे, तर डाळ आधी गॅसवरून उतरव.

सुजय सर म्हणजे पुण्याचे एक चित्रकार. (दाढी आहे, त्यामुळे वय कळत नाही.) त्यांचं पेणच्या वाचनालयात भाषण होतं, होतकरू चित्रकारांनी पुढे काय करावं आणि आपल्या चित्रांवरचा हक्क कसा सांभाळावा यावर. मी मिनिडोर रिक्षाने गेले. सरांनी आल्या आल्या सगळ्यांना कोरा कागद दिला आणि म्हणाले, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता ते लिहा. बाकीचे मान खाली घालून लिहायला लागले. माझं कसं आहे ते तुला ठाऊक आहे, बघ म्हटलं की मला खरंच दिसायला लागतं. मला खाडीकाठचं मिठागर दिसलं, एकाला एक लागून पांढरे चौकोन, आणि मी बांधावरून चालत एकेका चौकोनात चित्र काढत होते, आणि चित्र वाळून त्याचं मीठ होत होतं, आणि बायका ते पाट्यांत भरून नेत होत्या, आणि कुठल्या कुठल्या घरांत आमटीत माझं एकेक चित्र विरघळत होतं. फार बरं वाटलं. तेवढ्यात सर कागद गोळा करत आले आणि माझा कोराच होता. सर म्हणाले, हरकत नाही, हळूहळू स्पष्ट होईल. आता ह्याहून स्पष्ट काय व्हायचं ते मला समजेना, पण मी मान हलवली.

मग सरांनी कॉपीराइट शिकवला. चित्र कागदावर उतरलं की हक्क आपला. नोंदणी केली तर पुराव्याला बरं, नाही केली म्हणून हक्क जात नाही. नुसती कल्पना कुणाच्या मालकीची नसते, काढलेलं चित्र असतं. नोकरीत मालकासाठी काढलं तर वेगळा करार नसेल तेव्हा ते मालकाचं. हक्क कायमचा देऊन टाकणं वेगळं आणि एका पुस्तकापुरती परवानगी देणं वेगळं. आणि हा हक्क चित्रकार गेल्यावरही साठ वर्षं टिकतो. इथे मला हसू आलं. आपला माल दीड दिवसाचा, फार तर दहा. साठ वर्षं टिकणारं आपल्या आळीत कुणी काही केलंय ते म्हणजे भांडण.

तर मी घरी आले ती हक्काने भारावून. यंदा मी स्वतः मातीचा एक नवा नमुना केला होता, लोडाला टेकून पुस्तक वाचणारा गणपती. (पुस्तक उघडं आहे, पण बाप्पा पुस्तकात बघत नाही, बाहेरच बघतो. माझ्यावर गेलाय.) सर म्हणाले होते की गोलातला 'सी' घालणं सक्तीचं नाही. मी सक्तीशिवाय घातला. केसांतली पिन काढली आणि लोडाच्या मागे गोल, 'सी', आणि माझं नाव कोरलं. बाबा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ह्या काय लिवलंस गो?" म्हटलं, हक्क. म्हणाले, "कोनाचा? देवाचा?" आणि साचा काढायला घेतला.

वैशाखात दिनेशकाका आले आणि त्यातला एक गणपती घरच्यासाठी म्हणून घेऊन गेले. वैशाखात घरी गणपती कोण बसवतो हे विचारायचं बाबांना सुचलं नाही. आठ दिवसांनी मी त्यांच्या कारखान्यावरून जात होते, तर ओळीने तीस बाप्पा लोडाला टेकून पुस्तक वाचत वाळत बसलेले. मी मागे जाऊन बघितलं. प्रत्येकाच्या लोडामागे गोल, 'सी', आणि मी. त्यांनी आपल्या मूर्तीवरून रबराचा साचा काढला होता आणि रबराला वाचता येत नाही. मी कमरेला ओढणी खोचून भांडायला गेले. दिनेशकाका शांतपणे म्हणाले, "तुजं नाव मी पुसलंय काय? जिथं व्हतं तिथंच हाय." यावर काय बोलावं हे सरांनी शिकवलं नव्हतं. पुढे त्यांच्याकडून त्यांच्या मेव्हण्याने नेला, मेव्हण्याकडून आणखी कुणी. आता मी ज्यांना बोटही लावलेलं नाही अशा गणपतींवर चार कारखान्यांत माझं नाव आहे. परवा डोंबिवलीचे व्यापारी बाबांना विचारत होते, गोल शिक्क्याचा माल आहे का, तोच ओरिजिनल असतो म्हणतात. त्या दिवसापासून बाबा स्वतः खिळा घेऊन जुन्या नमुन्यांवर गोल कोरतायत. त्यांचे गोल लांबट येतात.

पण सांगायचं ते हे नाही. सुजय सरांनी माझी वही पुण्याच्या एका प्रकाशनाला दाखवली आणि त्यांनी मला लहान मुलांच्या पुस्तकाची चित्रं काढायला दिली. आत्या, खरंखुरं पुस्तक. गोष्ट अशी की नदीकाठी एक मगर शाळेची वाट अडवून बसते. बगळे, म्हशी, मुलं, मास्तर, सगळी चित्रं संपादिकाबाईंना आवडली. म्हणाल्या, तुमच्या चित्रांत डोळे जिवंत आहेत. फक्त मगर परत आली. "अनिता, ही मगर आशीर्वाद देतेय." मी अकरा वेळा काढली. दात वाढवले, शेपटी वाढवली, पाठीवर काटे घातले. अकरा वेळा ती दात विचकून पोरांवर कृपा करत राहिली. माझ्या हाताला दुसरे डोळे येतच नाहीत. मी सात वर्षांची असताना तू मला मांडीवर घेऊन पाटीवर शिकवलेस तेवढेच येतात. वरची रेघ श्वास घेताना, खालची सोडताना, आणि बुबुळ ठेवताना श्वासच नाही.

पुस्तकाचा करार आलाय. तीन वेळा वाचला. हक्क कायमचे द्या असं लिहिलं होतं, तिथे मी धीर करून एका पुस्तकापुरती परवानगी देईन असं कळवलं आणि त्यांनी चक्क ऐकलं. (त्या दिवशी मी बाबांना दोनदा चहा केला.) पण सातवं कलम आडवं आलंय, मगरीसारखंच. त्यात लिहिलंय, ही चित्रं पूर्णपणे माझी स्वतःची आहेत आणि यात कुणाची नक्कल नाही. सही करायला पेन टेकवलं की मला तू दिसतेस. सरांना फोन केला. ते म्हणाले, शिकलेली हातोटी कुणाच्या मालकीची नसते, खुशाल सही करा. कायद्याने मी मोकळी आहे, आत्या. पण मला मोकळं वाटत नाही.

कारण मी हिशेब नाही, नुसता विचार करत बसते. वीस वर्षं तू ह्या कारखान्यात डोळे आखलेस. दर साली शेकडो घरांत लोक हात जोडून उभे राहिले ते तुझ्या नजरेसमोर. आणि मग सगळे पाण्यात गेले. खाडीत भरती आली की मला वाटतं, खाली गाळात सगळीकडे तुझे डोळे उघडे असतील, वरून मासे जात असतील, आणि मासे बिचारे उगाच सज्जनासारखे वागत असतील. जमिनीवर मात्र तुझं काही नाही. एक कागद नाही, कुठे नाव नाही. हे पुस्तक पहिलं असेल जे बुडवायचं नाही. मला त्याने फार आनंद होतो आणि मग रडू येतं, आणि मग बाबा विचारतात, रंग डोळ्यात गेला काय.

आणि ते तुझं रागावणं. मनगट मोडलं त्या वर्षी तू डोळे आखायला येऊ शकली नाहीस. मग चतुर्थीच्या आधी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून आलीस, आणि पाहिलंस तर कामगार एक्स-रेच्या फिल्ममध्ये तुझ्या डोळ्यांच्या आकाराची भोकं पाडलेली पट्टी धरून मूर्तीवर फवारा मारतायत. तू बाबांना एवढंच म्हणालीस, "दादा, माजं डोलं काढून घेतलंस. आता माजं काय काम?" बाबांनी मान खाली घातली आणि तू चहा न घेता दिवा-रोहा गाडीने परत गेलीस. तुझे ब्रश बिस्किटांच्या डब्यात तसेच आहेत. बाबा दर अमावास्येला ते पुसून ठेवतात आणि मी बघितलं की झुरळं फार झालीत म्हणतात.

बाकी सगळं क्षेम. आतोबांना नमस्कार. आंब्याचं लोणचं घातलंय, बरणी तुझ्या नावाची वेगळी ठेवलीय.

तुझीच,
अनिता

ता. क. मला पुस्तकाच्या पहिल्या पानावर असं छापून हवंय : 'चित्रं : अनिता. डोळे : जनी.' संपादिकाबाई म्हणाल्या, असं कधी कुणी छापत नाही, पण तुमच्या आत्यांची लेखी परवानगी असेल तर छापू. तेव्हा दोन ओळी लिहून पाठव. मराठीत चालेल. ह्या महिनाअखेरीपर्यंत.

आणखी ता. क. परवानगी देण्याआधी तुला हे कळलं पाहिजे. ती पट्टी बाबांनी कापली नव्हती. मी कापली. तीनशे मूर्ती आंधळ्या बसल्या होत्या आणि माझा हात तेव्हा एवढा चालत नव्हता. तू आखलेल्या एका जुन्या मूर्तीवरून छाप घेतला, आणि फिल्म शोधली तर घरात एकच एक्स-रे होता, तू दाखवायला पाठवलेला. तुझ्या मनगटाचाच. तू बोललीस तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मी खांबामागे उभी होते. दिनेशकाकांशी भांडताना मला हेच आठवत होतं, म्हणून मी हरले. त्यांनी निदान माझं नाव तरी ठेवलं होतं. मी चुकले, आत्या. बाबांवर राग धरू नकोस, माझ्यावर धर.

शेवटचं. संपादिकाबाईंना मगर अजून हवीच आहे, आणि जनी-अनिताच्या घराण्यात रागीट डोळे आजवर कुणी काढलेले नाहीत. वरचा ता. क. वाचून झाला असेल तर आत्ता, लगेच, राग विरघळायच्या आत आरशात बघ, आणि फोटो काढून पाठव. मी बघून काढते. फक्त फोटो आतोबांना काढायला देऊ नकोस. कायद्याने फोटो ज्याने काढला त्याचा होतो, आणि हे डोळे मला ह्या खेपेला तुझ्या हातून घ्यायचे आहेत.