उजव्या दिव्याचं काम झालं

चोंदम्मा,

गाडीचा उजवा दिवा आता नीट लागतोय. बल्ब बदलायला तू सांगितलं होतंस, पण बल्ब चांगला होता. डावीकडचा काढून तिथे लावला, तर तोही मिणमिणला. बोनेटखाली अर्थिंगची वायर पत्र्याला ज्या बोल्टने कसलेली असते, त्याला गंज चढला होता. घासून पुन्हा घट्ट केला. मडिकेरीच्या घाटात धुकं असलं तरी रस्ता दिसेल.

शेडच्या भिंतीवर उजेड पाडून दिव्यांचा फोकसही जुळवून घेतला. सीटवर माणसाचं वजन नसेल तर फोकस चुकतो, म्हणून दरवेळी तुझी अव्वा बसायची. मला स्क्रू फिरवायला वेळ लागला की आतून ओरडायची, "अहो, आटपा लवकर, नाहीतर मी अशीच म्हैसूरला निघून जाईन!"

या वेळी कॉफीचं पोतं ठेवलं. अंदाजाने भरलं आणि उचलून पाहिलं, तर ते अव्वाच्या शेवटच्या दिवसांतल्या वजनाचं झालं होतं. पलंगावरून तिला खुर्चीत रोज मीच उचलून ठेवायचो, हाताला ठाऊक आहे. गाडी तू चालवणार, म्हणून मग आणखी कॉफी ओतली.

कडंबुट्टू झाकून ठेवलेत, खाऊन निघ. मी खालच्या मळ्यात आहे. निरोप घ्यायला तिकडे येऊ नकोस. गाडी तुझ्याकडेच राहू दे, अव्वाचंही तेच म्हणणं होतं.

पोतं मात्र तूच उतरव. त्याला मी सीटचा पट्टा लावला होता, तो माझ्याने सोडवेना.

अप्पा